दमणीतून काशीला : हिंगोली ते गंगा, 1846

1846 साल आहे. नोव्हेंबर नुकताच लागला आहे. कार्तिकी एकादशी होऊन गेली, आज त्रिपुरी पौर्णिमा. तुम्ही औंढ्याला नागनाथाच्या परकोटाबाहेर उभे आहात. हिंगोली नावाचा जिल्हा अजून कुणाच्या कागदावर नाही. परभणीतून तो वेगळा निघायला 1 मे 1999 उजाडणार आहे. आत्ता हा सगळा मुलूख निजाम नासिरुद्दौलाचा, आणि पैनगंगेपलीकडचा वऱ्हाडही त्याचाच.

अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, कमरेला पैशांचा कसा. तुमच्या मागे आत्याची दमणी उभी आहे. दोन खिलारी बैल, वर बांबूच्या कामट्यांवर बसवलेला तट्ट्या, आत कडब्यावर अंथरलेली वाकळ. साटीखाली वंगणाचा नळा लोंबतो आहे, मागे पाण्याची पखाल, बाजूला तवा, कढई, पाटा. एका गाठोड्यात ज्वारीचं पीठ आणि डाळ, दुसऱ्यात दशम्या, तिळाची चटणी, मीठ, गूळ. पुढचे साडेतीन महिने हेच तुमचं घर आहे. ते रोज सहा-सात कोस पुढे सरकेल, झाडाखाली थांबेल आणि पहाटे पुन्हा निघेल.

आत्याला काशी पाहायची आहे. तिचं सगळं आयुष्य कयाधू नदीच्या काठावर गेलं. आता ती म्हणते, "डोळे धड हायेत तवर गंगा बघून घेते, लेकरा. मागून कोण नेणार मला?" तुम्ही तिला न्यायला निघाला आहात.

नागनाथाच्या पायथ्याशी

निघण्याआधी घरच्या ज्योतिर्लिंगाचा निरोप घ्यायचा. देवळाभोवती आधी एक फेरी मारा. खालचा भाग काळ्या दगडाचा, यादवांच्या काळातला. कोनाकोनांनी मोडत गेलेला पाया, त्यावर ओळीने कोरलेले हत्ती, वर योद्धे, देवता, सुरसुंदरी. किती तरी मूर्तींचे हात आणि चेहरे फुटलेले आहेत. दृष्टी वर नेली की काम बदलतं. शिखराचा भाग नंतरचा आहे. मोडलेलं देऊळ लोकांनी पुन्हा उभं केलं. या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकरांचं नाव जोडलं जातं. हे नाव ध्यानात ठेवा, थेट काशीपर्यंत ते तुमच्या सोबत येणार आहे.

आत गेल्यावर लिंग समोर दिसत नाही. ते खाली, तळघरात आहे. अंग चोरून, डोकं वाकवून अरुंद पायऱ्या उतरायच्या. समईच्या उजेडात घामाचा, तुपाचा आणि बेलाचा वास एकत्र येतो. कसंबसं बसता येईल एवढीच जागा. आत्या पिंडीला दोन्ही हात लावते आणि बराच वेळ काढत नाही.

वर आल्यावर ती तुम्हाला देवळामागे घेऊन जाते. नंदी इथे मागच्या बाजूला आहे. कीर्तन करायला आलेल्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागे हाकललं, ते मागे बसून गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा ती तुम्हाला सांगते. याच औंढ्यात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले नामदेवांना दिसले. पाय जिथे ठेवावा तिथे पिंड उगवली आणि नामदेवांना गुरू भेटला. परकोटाबाहेर आजही काही माणसं लांबूनच हात जोडून उभी आहेत. त्यांना आत येऊ देत नाहीत. देवळाने तोंड फिरवल्याची कथा ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या का सांगत आली, ते इथे उभं राहिल्यावर कळतं.

नर्सी

दुसऱ्या मुक्कामाला गाडी नर्सीला पोचते. नामदेवांचं हे गाव. दामाशेटी शिंप्याच्या आणि गोणाईच्या पोटी 1270 साली कार्तिक शुद्ध एकादशीला त्यांचा जन्म झाला. तुम्ही पोचलात तेव्हा त्याला 576 वर्षं झाली आहेत.

कयाधू वाहते आहे. पावसाळा संपून फार दिवस झालेले नाहीत. पाणी निवळलंय, तळातले गोटे दिसतात. बैलांना नदीत उतरवून धुता, तेवढ्यात आत्या तीन दगडांची चूल मांडते. काठावर टाळ वाजायला लागतात. गावातली चार माणसं, दोन शिंपी, एक कुणबी म्हातारा, एक पोरगा मृदंगावर. अंधारात कोण कुठल्या जातीचं ते दिसत नाही, आवाज तेवढे ओळखू येतात.

नामदेव या गावातून पंढरीला गेले, पंढरीहून ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रेला निघाले आणि पुढे पार पंजाबात घुमानला जाऊन राहिले. गुरू अर्जनदेवांनी 1604 साली आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात या शिंप्याची 61 पदं आहेत. तुमच्या दमणीचं तोंड उत्तरेकडे आहे, आणि तुमच्या मुलखातला पहिला मोठा वाटसरू त्या दिशेने साडेपाचशे वर्षांपूर्वीच जाऊन आलेला आहे. घुमानला 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरेल, हे आज या काठावर एकट्या तुम्हालाच माहीत आहे.

सदर बाजार, हिंगोली

हिंगोली गाठता तेव्हा बिगुल ऐकू येतो. हैदराबाद कंटिंजंटची ही छावणी. फौज निजामाच्या पैशावर, अधिकारी इंग्रज. कवायतीचं मैदान, ओळीने बराकी, घोड्यांच्या पागा आणि त्यांना लागून सदर बाजार. शिपाई, सावकार, शिकलगार, भिस्ती, मारवाडी कापडवाले, तेलंगी, रोहिले. इतक्या बोली एका चौकात तुम्ही औंढ्याला ऐकल्या नव्हत्या. 1903 मध्ये कंटिंजंट वेगळी राहणार नाही आणि ही गजबज उठून जाईल.

काशीचा जथा इथून निघतो. एकट्या गाडीने कुणी जात नाही. का, ते कापडाच्या दुकानातला म्हातारा सांगतो आणि सांगताना आवाज खाली आणतो. 1829 च्या सुमारास याच बाजारात हरीसिंग नावाचा कापडाचा व्यापारी होता. मोठा अब्रूदार. इंग्रज अधिकारी त्याच्याकडे माल घ्यायचे. एकदा त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडून मुंबईचं कापड आणायचा परवाना घेतला. ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं होतं आणि वाटेवर होतं. हरीसिंगाने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या माणसांना आणि बैल हाकणाऱ्यांना ठार केलं, तोच परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि उघड्यावर विकला. तो ठगांचा म्होरक्या होता. मेडोज टेलरने 1839 साली छापलेल्या ठगाच्या कादंबरीच्या सुरुवातीला हे लिहून ठेवलं आहे. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसं मारली गेली आणि पहाऱ्याच्या ओळीपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली, असंही त्याने लिहिलं.

तुम्ही उभे आहात ती जमीन पायाने चाचपून पाहता. वाटेत गोड बोलून जवळ येणारा, संध्याकाळी एकत्र बसून तंबाखू देणारा, आणि मग गळ्याभोवती रुमाल. हिवाळा हा यात्रेचा हंगाम होता, तसाच तो ठगांचाही होता. आता त्या टोळ्यांची दहशत मोडली आहे. तरी जथ्यात अकरा गाड्या आहेत, सोबतीला भाल्याचे दोन शिपाई आहेत, आणि मोठी रक्कम कुणी जवळ ठेवलेली नाही. सावकाराकडून काशीवरची हुंडी करून घेतली आहे. ती तुमच्या बंडीच्या अस्तरात शिवलेली आहे.

पैनगंगा ओलांडताना

उत्तरेच्या वाटेवर पहिली मोठी नदी पैनगंगा, आजच्या कनेरगाव नाक्याच्या बाजूला. पूल नाही. गाडीवान आधी स्वतः उतरून काठीने तळ पाहतो, मग बैलांच्या शेपटीला हात लावून गाडी पाण्यात घालतो. पाणी आसापर्यंत येतं. आत्या पिठाचं गाठोडं डोक्यावर धरून बसते. सात वर्षांनी, 1853 च्या तहात, वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात जाईल आणि ही नदी दोन राज्यकारभारांमधली हद्द होईल. आत्ता दोन्ही काठांवर एकच काळी माती, सारखीच ज्वारी, सारखीच बोली.

वाशीमला दोन रात्री. वाकाटकांचं वत्सगुल्म ते हेच. भोसल्यांचे कारभारी भवानी काळू यांनी बांधलेलं बालाजीचं देऊळ तुम्ही पाहता, पद्मतीर्थावर अंघोळ करता. पुढे कारंजा, नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. इथे जैनांची जुनी मंदिरंही आहेत. नंतर अमरावती, अंबादेवीचं दर्शन.

अमरावतीजवळ रस्ता पांढरा होतो. झाडाझुडपांना, काट्यांना, गाडीच्या तट्ट्याला कापसाचे पुंजके चिकटलेले. समोरून बंजाऱ्यांचा तांडा येतो. शेकडो बैल, पाठीवर गोण्या, पुढच्या बैलाच्या शिंगांवर कवड्या आणि आरसे, घंटांचा आवाज तांडा दिसायच्या आधीच येतो. बायका, लेकरं, कुत्री, कोंबड्या, सगळा संसार चालतीवर. तुमची साडेतीन महिन्यांची वाट म्हणजे तुम्हाला मोठा पराक्रम वाटत होता. या माणसांचा जन्मच वाटेवर होतो. वऱ्हाडचा कापूस असाच बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरला, गंगेच्या काठावर जातो. तिथून नावेने खाली कलकत्त्याकडे. म्हणजे तुमची वाट मुळात कापसाची वाट आहे. यात्रेकरू तिच्यावरून देवाला गेले, ठग तिच्यावर दबा धरून बसले, संत तिच्यासारख्याच वाटांनी पायी फिरले.

दुपारी गाडी सोडली की गाडीवान बैलांना सरकी घालतो, धाव ढिली झाली असेल तर चाक पाण्यात ठेवतो, आसाला एरंडेलात भिजवलेली चिंधी लावतो. तुम्ही गोवऱ्या गोळा करता. आत्या पिठलं ढवळते. पहिले आठ दिवस तुम्हाला वेळ जात नव्हता. आता कोणत्या शेतात तूर भरली, कुठल्या विहिरीचं पाणी जड आहे, कुठल्या गावचा पाटील उतारूंना सावली देतो, हे सगळं तुम्हाला न विचारता कळतं. बैलाच्या चालीने जाणाऱ्याला मुलूख अंगाला लागतो.

नागपूर, रामटेक आणि रान

नागपुरात तिसऱ्या रघूजी भोसल्यांचं राज्य आहे. सात वर्षांनी ते जातील आणि 1854 मध्ये राज्य खालसा होईल. सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांची शिबंदी आहे. 1817 च्या नोव्हेंबरात इथेच लढाई झाली. सराफाकडे तुमचे रुपये बदलून घेताना बट्टा जातो. निजामाचं नाणं वेगळं, नागपूरचं वेगळं, आणि पुढे कंपनीच्या मुलखात 1835 पासूनचा कंपनीचा रुपया. चिडू नका. वाटखर्चात बट्टा धरायचाच असतो.

रामटेकला गाड्या अंबाळ्याच्या तळ्याकाठी सोडता आणि टेकडी चढता. वरून दिसणारं रान थेट सिवनीपर्यंत पसरलं आहे. त्यातून जाताना रात्री गाड्यांचं कडं करायचं, बैल मधे बांधायचे आणि शेकोटी विझू द्यायची नाही. वाघाचा आवाज एकदा येतो आणि मग रात्रभर कुणी झोपत नाही. आत्या नामदेवांचं नाव घेत बसते. पहाटे सागाच्या पानांवरून दव टपटपतं, आणि बैलांच्या नाकातून वाफा निघत असतात.

नर्मदेतली नाव

जानेवारीत जबलपूर. संक्रांतीचं स्नान नर्मदेत घडतं. इथे तुम्ही एक इमारत पाहायला जाता. 1837 च्या सुमारास सुरू झालेली उद्योगशाळा. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुलं इथे तंबू शिवतात, गालिचे विणतात. जाळीतून तुम्हाला म्हातारे हात दिसतात. मागावरचा धागा सफाईने ओढणारे. हिंगोलीच्या बाजारात ऐकलेली गोष्ट दोन महिन्यांनी इथे समोर बसलेली आहे. पोरं शेजारी बसून तेच काम शिकत आहेत. त्यांच्या बापांनी जे केलं ते त्यांना करावं लागणार नाही, एवढं या घरातलं चांगलं.

मग भेडाघाट. टेकडीवर चौसष्ट योगिनींचं कलचुरींच्या काळातलं गोल देऊळ, मधे गौरीशंकर. पलीकडे धुवांधार, नदी एकदम खाली कोसळते आणि तुषारांचा धूर वर उठतो. खाली नाव लागलेली आहे. नावाडी तुम्हाला आणि आत्याला धरून बसवतो.

पहिल्या वळणानंतर आवाज थांबतो. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे सरळ वर गेलेले, शंभर फुटांपर्यंत. पांढरे, मधेच निळसर, मधेच काळ्या शिरा. नदी इतकी अरुंद की वल्हं दोन्हीकडे लागेल असं वाटतं, आणि पाणी इतकं खोल की बांबू तळाला लागत नाही. नावाडी वर बोट दाखवतो. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळं लटकत आहेत. "चिलीम मत जलाना," तो म्हणतो. धुराने माश्या उठल्या तर इथून पळायला जागा नाही, पाण्यात उडी मारली तरी त्या सोडत नाहीत. जथ्यातले दोघे चिलीम मुकाट्याने कंबरेला खोचतात.

आत्या हात पाण्यात सोडते. तिची कयाधू उन्हाळ्यात गुडघाभरसुद्धा राहत नाही. "एवढं पानी जातं तरी कुठं?" ती विचारते. पश्चिमेला, समुद्राला, तुम्ही सांगता. पैनगंगेचं पाणी मात्र वर्धेतून, प्राणहितेतून गोदावरीला आणि पूर्वेच्या समुद्राला जातं. दोन नद्यांमधला पाणलोट तुम्ही सिवनीच्या रानात कधी तरी ओलांडला, बैलांना चढ लागला तेव्हा.

मिर्झापूर ते काशी

जबलपूरहून मैहर, रीवा, मग घाट उतरून गंगेचं खोरं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मिर्झापूर. अमरावतीला पाहिलेला कापूस इथे धक्क्यावर रचलेला आहे. गंगा पाहताच जथ्यातली माणसं गाड्यांतून उतरतात आणि जमिनीवर आडवी होतात. विंध्याचलला विंध्यवासिनीचं दर्शन घेता. याच देवीपुढे ठगही नवस बोलत असत.

गाड्या आणि बैल गाडीवानाबरोबर रस्त्याने जातील. तुम्ही काही जण मोठी नाव ठरवता. छपराची, शिडाची, सहा मल्लाह. प्रवाहाबरोबर जायचं आहे, वल्ह्याला फार जोर लागत नाही. भाडं आधी ठरवून घ्या, आणि मल्लाहांना वाटेत शिधा द्यायचा की नाही तेही बोलून घ्या.

पहिल्या दिवशी वाळूच्या बेटांवर घडियाली ऊन खात पडलेल्या दिसतात. पाण्यातून सूंस वर येतो, पाठ दाखवतो, बुडतो. समोरून धुराचा लोट येतो. दोन्ही बाजूंना चाकं फिरवणारी कंपनीची आगबोट अलाहाबादेकडे निघाली आहे. 1834 पासून या नदीवर वाफेच्या बोटी चालतात. आत्या घाबरत नाही. ती उठून उभी राहते आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत पाहते.

दुसऱ्या दिवशी चुनार. नदीवर झुकलेला किल्ला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे पकडले गेल्यावर इथेच कैदेत होते. 1829 साली इथेच वारले. मराठी माणूस या किल्ल्याखालून जाताना वर पाहिल्याशिवाय राहत नाही. काठावर दगडाने भरलेल्या नावा लागल्या आहेत. चुनारचा हा वालुकाश्म. अशोकाचे स्तंभ याच दगडाचे, आणि काशीचे घाटही याच दगडाचे. तुमच्या पुढे जाणारी नाव काशीचीच कुठली तरी पायरी घेऊन चालली आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी गंगा उत्तरेकडे वळते. काशीला ती उलटी, उत्तरेला वाहते, म्हणून सगळे घाट उगवतीकडे तोंड करून आहेत. अस्सी, तुलसीघाट, चेतसिंहाचा वाडा, हरिश्चंद्र घाटावरचा धूर. केदारघाटानंतर नावाडी नावं सांगू लागतो आणि जथ्यातली माणसं एकमेकांकडे पाहतात. राजाघाट, अमृतराव पेशव्यांनी बांधला. मुन्शी घाट, नागपूरच्या भोसल्यांच्या कारभाऱ्याचा. अहिल्याबाई घाट. दशाश्वमेध, पेशव्यांनी बांधून काढलेला. मणिकर्णिकेपुढे बायजाबाई शिंद्यांचा घाट, भाराने खचलेला, आणि त्याच्या पायथ्याशी पाण्यात कललेलं देऊळ. मग भोसला घाट. मग पंचगंगा, वर औरंगजेबाच्या मशिदीचे दोन उंच मिनार. लोक त्यांना माधवरावाचा धरहरा म्हणतात.

हिंगोलीहून तीनशे कोसांवर तुम्ही आलात, आणि नदीकाठची निम्मी नावं तुमच्या घरच्या भाषेतली आहेत. दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत मराठी घरं आहेत. तीर्थोपाध्याय तुमचं गाव विचारतो, वह्या काढतो, पानं उलटतो आणि तुमच्या घराण्यातला आधी येऊन गेलेला माणूस शोधून वाचून दाखवतो. आत्या ते दोनदा वाचायला लावते.

महाशिवरात्र 13 फेब्रुवारीला आहे. विश्वनाथाच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. हे देऊळ 1780 साली अहिल्याबाईंनी उभं केलं. शिखरावर सोनं आहे, पंजाबच्या रणजितसिंहांनी दिलेलं. त्याच रणजितसिंहांच्या पैशातून 1832 ते 1837 मध्ये नांदेडचा गुरुद्वारा उभा राहिला. नांदेड तुमच्या शेजारचं. नर्सीचा शिंपी पंजाबात गेला, त्याची पदं तिकडच्या ग्रंथात बसली. पंजाबचा राजा गोदेकाठी गुरुद्वारा बांधून गेला आणि काशीच्या कळसाला सोनं देऊन गेला. नागनाथाचा आणि विश्वनाथाचा जीर्णोद्धार लोक एकाच बाईच्या नावाने सांगतात. कबीराच्या गावी, कबीराच्या माणसांच्या तोंडी तुम्ही नामदेवांचं नाव ऐकता, कारण कबीराने स्वतःच ते आपल्या पदांत घेतलं आहे. उत्तर परकी आहे असं हिंगोलीच्या माणसाला वाटायचं काही कारण नाही. आपली माणसं या वाटेने गेली, तिकडची आली, आणि दोन्हीकडच्या देवळांत एकमेकांचं देणं आहे.

त्या रात्री औंढ्यालाही जागर चालू आहे. आत्याला ते ठाऊक आहे. विश्वनाथावर बेल वाहताना ती एक पान बाजूला काढून ठेवते, नागनाथासाठी.

आता तुमची पाळी

1870 मध्ये मुंबई आणि कलकत्ता जबलपूरमार्गे लोहमार्गाने जोडले गेले आणि दमणीची काशीयात्रा संपत आली. तीन महिन्यांचं अंतर दोन-तीन दिवसांवर आलं. चांगलंच झालं, वाटेत मरणारी म्हातारी माणसं वाचली. पण वाट डोळ्यांआड गेली, आणि वाटेवरची गावं फक्त खिडकीतून दिसायची राहिली.

आज ती वाट पुन्हा जगता येते. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. चालतं घर भाड्याने घेऊन निघणं आता अवघड नाही. कॅरव्हॅन नको असेल तर चारचाकीत तंबू आणि स्टोव्ह टाका. हिंगोली, वाशीम, कारंजा, अमरावती, नागपूर, रामटेक, सिवनी, जबलपूर, मैहर, रीवा, मिर्झापूर, चुनार, काशी. पक्के रस्ते आहेत. निघा कार्तिकात, पावसाळा संपल्यावर. पावसाळ्यात भेडाघाटची नाव बंद असते. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वर जाऊ नका. चुनारला थांबा, फक्त काशीसाठी धावू नका. काशीत घाट पाहायचे तर अस्सीहून नावेत बसा आणि प्रवाहाबरोबर पंचगंगेपर्यंत जा, म्हणजे ते ज्या क्रमाने यात्रेकरूला दिसत आले त्याच क्रमाने दिसतील.

आणि सुरुवात घरून करा. हिंगोली जिल्ह्यातली किती तरी माणसं काशी पाहून आली, पण औंढ्याच्या पायावरची हत्तींची ओळ त्यांनी कधी थांबून पाहिलेली नाही. आधी नागनाथाचा पाया फिरून पाहा. नर्सीला कयाधूच्या काठावर एक संध्याकाळ बसा. नामदेवांच्या दर्शनाला पंजाबातून शीख भाविक तिथे येतात, त्यांच्याशी बोला. हिंगोलीच्या छावणीच्या जागेतून चालत जा. औंढा तालुक्यातलं सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरचं इसापूर ही धरणं पाहा, म्हणजे आपल्या नद्यांचं पाणी कुठे अडतं ते कळेल.

गंगेला हात जोडणाऱ्याने कयाधू कोरडी आणि घाण ठेवणं बरं नव्हे. तिच्या काठावर जन्मलेल्या माणसाची पदं पंजाबात रोज गायली जातात. तिच्यात कचरा टाकू नका, तिची वाळू उपसू देऊ नका, आणि उत्तरेला निघालात की पहिला मुक्काम तिच्या काठावर करा.